अंधार करू नकोस

निघायच्या आदल्या दिवशी गावाकडच्या मित्राला फोन करून विचारलं, येताना काय आणू? दरवेळी तो औषधांची यादी सांगतो, नाहीतर निगडीच्या एका दुकानातले शेंगदाण्याचे लाडू. या वेळी म्हणाला, "एक बॅटरी आण. लांब फोकसची. आणि अंधार करू नकोस. दिवस मावळायच्या आत घरात ये."

आम्ही दोघांनी आकुर्डीत एकाच खात्यात अठरा वर्षं काम केलं. तो आंबेगाव तालुक्यातला, घोड नदीकाठचा. पिंपरी-चिंचवडच्या कोणत्याही कारखान्यात तेव्हा अर्धी माणसं खेड, आंबेगाव, जुन्नरची असायची. शनिवारी दुसरी पाळी सुटली की नाशिक फाट्यावर गावाकडच्या गाडीची वाट बघत उभी राहायची. मी शहरातच राहिलो. तो व्हीआरएस घेऊन गावी गेला. आलेल्या पैशातून त्याने नदीवर मोटर बसवली, दीड किलोमीटर पाइपलाइन ओढली आणि तीन एकर ऊस केला. त्याच्या पाइपलाइनच्या उद्घाटनाला मी नारळ घेऊन गेलो होतो. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

बॅटरी घ्यायला खंडोबा माळ चौकात गेलो. दुकानातल्या पोराने विचारलं, ट्रेकला का काका? म्हटलं, बिबट्यासाठी. तो खूश झाला. "दिसला तर रील टाका." रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि चौकात दुपारसारखा उजेड होता. आकुर्डीत अंधार होत नाही हे मला त्या दिवसापर्यंत कधी जाणवलं नव्हतं.

ही आकुर्डीही एकेकाळी शेतीचं गाव होती. तुकोबांची पालखी देहूहून निघाल्यावर इथल्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला असते; त्या रात्री मंदिराभोवतीची गल्ली अजून गावासारखी वागते. मग एमआयडीसी आली, बजाजची स्कूटर आली, 1972 मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आलं आणि बाजरीच्या रानांना सेक्टरचे नंबर पडले. त्या प्राधिकरणाची आकुर्डीतली इमारत आता पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहे. म्हणजे मावळापासून शिरूरपर्यंतच्या जमिनीचा रंग ज्या नकाशावर ठरायचा, तो माझ्या घराजवळच्या इमारतीत ठरतो. 2021 मध्ये त्यांचा प्रारूप विकास आराखडा जाहीर झाला, तेव्हा चाकणजवळ दोन गुंठे घेऊ पाहणाऱ्या भाच्याबरोबर मीही तो डोळे ताणून बघितला होता. रहिवासाला पिवळा, उद्योगाला जांभळा, शेतीला एक हिरवा आणि वनाला दुसरा हिरवा. भाच्याला फक्त पिवळ्यात रस होता. हजारो हरकती आल्या, कोर्टकज्जे झाले आणि 2025 मध्ये शासनाने तो आराखडाच रद्द केला. माझ्या डोक्यात मात्र ते दोन हिरवे राहून गेले. शेती वेगळी, जंगल वेगळं, मध्ये एक बारीक काळी रेघ. माझ्या मित्राचं गाव त्या नकाशाच्या हद्दीबाहेर पडतं, पण त्याचा सगळा त्रास त्या काळ्या रेघेचा आहे.

जानेवारीतल्या शनिवारी अकरालाच निघालो. भक्ती-शक्ती चौक, तळवडे, मग इंद्रायणी. पुलावरून पाण्याकडे बघायचं नाही असा माझा नियम आहे. पुढे म्हाळुंग्यापासून कंटेनरची रांग सुरू होते ती चाकणपर्यंत. डाव्या हाताला लांब भामचंद्राचा डोंगर. तुकोबांनी तिथे ध्यान केलं असं वारकरी मानतात. त्याच बाजूच्या शिंदे-वासुलीत 2008 मध्ये डाऊ कंपनीच्या संशोधन केंद्राविरुद्ध गावकरी आणि वारकरी उठले होते आणि शेवटी कंपनीला तिथून जावं लागलं. या पट्ट्यात जमीन कुणाची आणि कशासाठी, हे भांडण बिबट्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

चाकणच्या मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात 21 मार्च 2022 च्या पहाटे बिबट्या शिरला होता. सगळ्यांनी मोबाईलवर बघितलं असेल: चकचकीत फरशी, पिवळे पट्टे, रॅक आणि त्यांच्यामध्ये तो. कामगारांना बाहेर काढलं, काही तासांनी भुलीचं इंजेक्शन देऊन त्याला पकडलं आणि माणिकडोहच्या निवारा केंद्रात नेलं. तेव्हा आकुर्डीत आम्ही जुने कामगार चहाच्या टपरीवर हसलो होतो की पहिल्या पाळीला कार्ड पंच न करता आत गेलेला हा पहिलाच. गंमत म्हणून ठीक होतं. पण तो तिथे कुठून आला असेल? चाकणच्या कारखान्यांच्या कुंपणाला लागून अजून शेतं आहेत, ओढे आहेत, ओसाड माळ आहेत, आणि कचऱ्यावर पोसलेली कुत्री तर मोजता येणार नाहीत. बिबट्याला एवढं पुरतं.

चाकणच्या चौकात पन्नास मिनिटं गेली. त्याबद्दल लिहीत नाही. ज्यांनी भोगलंय त्यांना माहीत आहे.

राजगुरुनगर बाह्यवळणाने मागे पडलं, घाट ओलांडला आणि हवा बदलली. पेठ, अवसरीचं वनउद्यान, मग मंचर. इथून पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. जानेवारीत तुरे आलेले असतात. उन्हात ते चांदीसारखे दिसतात आणि गाडीतून जाणाऱ्या माणसाला वाटतं, काय समृद्धी आहे. ती आहेच. कुकडी प्रकल्पाने या भागाचं नशीब पालटलं. डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे अशी धरणं, त्यांचे कालवे, नदीवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. डिंभ्याच्या पाण्याखाली मूळचं आंबेगाव गेलं. तालुक्याचं नाव राहिलं, गाव राहिलं नाही. त्या पाण्यावर ऊस आला, त्या उसावर भीमाशंकर आणि विघ्नहर हे साखर कारखाने चालतात.

माझ्या मित्राच्या वडलांच्या वेळी याच रानात बाजरी, हुलगा, मटकी व्हायची. दिवाळीपर्यंत रान मोकळं. मैलभर लांबचं कुत्रं दिसायचं. सगळे गावठाणात राहायचे, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत. पाणी आलं तशी माणसं मळ्यात राहायला गेली. मोटर सांभाळायची, जनावरांना वैरण टाकायची, रात्री पाणी द्यायचं. हे गावठाणातून जमत नाही. आता ज्याचं त्याचं घर ज्याच्या त्याच्या रानात, आणि भिंतीला उसाची भिंत. आडसाली ऊस पंधरा-अठरा महिने उभा असतो. आत सावली, गारवा, बाजूला पाणी, कोणी फिरकत नाही. मादीला पिलं घालायला याहून चांगली जागा सह्याद्रीच्या जंगलातही मिळणार नाही. पिलं तिथेच वाढतात, तिथेच शिकार शिकतात. त्यांच्या लेखी जंगल म्हणजे हेच.

तर ती पाइपलाइन, जिच्यासाठी मी नारळ फोडला होता, तिने एका अर्थी जंगल लावलं. आकुर्डीच्या पगारातून.

पोहोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. घराभोवती लोखंडी जाळी, माणसापेक्षा उंच. गेल्या वेळी नव्हती. शेळ्या जाळीच्या आत, त्यावर पुन्हा वरून जाळी. कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा, धनगरांच्या कुत्र्यांना असतो तसा. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आता हसू नका, पण नोव्हेंबरात माणसांनी पण घातलेत असले पट्टे." मी हसलो नाही. पिंपरखेडचे ते फोटो मी पाहिले होते: बाया खुरपायला चाललेल्या आणि गळ्यात टोकदार खिळ्यांचे पट्टे.

पिंपरखेड शिरूरच्या बेट भागात आहे, घोड आणि कुकडी या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड आणि जांबुत परिसरात तीन आठवड्यांत तीन माणसं गेली. एक पाच वर्षांची मुलगी, एक ब्याऐंशी वर्षांच्या आजी, एक तेरा वर्षांचा मुलगा. लोकांनी वनखात्याची गाडी जाळली, मंचरला पुणे-नाशिक महामार्ग अडवला. मग एका बिबट्याला गोळी घातली गेली. शासन अशा मृत्यूला 25 लाख रुपये देतं. वहिनी म्हणाल्या, "पंचवीस लाख ऐकून शहरातले म्हणतात, मिळाले की. त्यांना म्हणावं, घ्या पंचवीस लाख आणि या राहायला."

मित्राच्या आईंचं वय नव्वदीकडे झुकलंय. त्या ओसरीवर, जाळीच्या आत, पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. त्यांचं माहेर पश्चिमेचं, भीमाशंकरच्या डोंगरातलं. तिकडे महादेव कोळी वाड्यांवर दिवाळीच्या तोंडावर वाघबारस करतात, वाघोबाला नैवेद्य दाखवतात. त्या लहानपणी शेजारच्या वाडीवर बघायला जायच्या. मी विचारलं, आई, इथे का नाही करत? शेंग सोलता सोलता म्हणाल्या, "तिकडं त्यो डोंगरात आन माणसं वाडीत. वर्साचं एकदा निवद दिला, भागलं. हितं त्यो बी मळ्यात आन आमी बी मळ्यात. रोज कुठं निवद द्यायचा?"

मग त्यांनी मला एक गोष्ट समजावली जी मी नंतर पुस्तकांतही वाचली, पण इतकी सोपी कुठे नव्हती. "उभ्या माणसाला भितं ते. खुरपायला बसलं की माणूस शेळीयेवढं दिसतं." म्हणजे खुरपणाऱ्या बाया, झाडाआड बसलेलं पोर, शौचाला गेलेली म्हातारी. बळींच्या यादीत वारंवार बाया आणि मुलं का, याचं निम्मं उत्तर त्या एका वाक्यात आहे. उरलेलं निम्मं शेतात वाकून काम कोणाला करावं लागतं यात आहे.

त्या आठवड्यात रात्रीची लाईट होती. शहरातल्या वाचकासाठी सांगायला हवं. शेतीपंपाला थ्री फेज वीज चोवीस तास नसते; काही तासच असते, आणि पाळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री. सौर वाहिन्यांमुळे काही फीडरना दिवसाची वीज मिळू लागली आहे, याच्या फीडरला अजून नाही. रात्रीची पाळी असली की पिकाला पाणी रात्रीच द्यावं लागतं. मोटर मोबाईलवरून चालू होते, ते तंत्र आलंय. पण दारं धरायला माणूसच लागतो. एक सरी भरली की फावड्याने तिचं तोंड बांधायचं, पुढचीचं फोडायचं, आणि हे वाकून करायचं.

साडेदहाला चौघे निघाले. एकट्याने जायचं त्यांनी बंद केलंय. चार मळ्यांची पाणीपाळी एकत्र, आज याच्या रानात, उद्या त्याच्या. मी हट्ट करून गेलो, पण ट्रॅक्टरवरून खाली उतरायचं नाही या अटीवर. ट्रॅक्टरवर स्पीकर लावलेला, त्यावर गौळणी मोठ्याने. गाणं कशाला, तर आवाज असला की ते जवळ येत नाही. दोघे दारं धरायचे, तिसरा पाठीला पाठ लावून काठी घेऊन उभा. चौथ्याच्या हातात माझी बॅटरी. नवीन असल्याने तिचं कौतुक झालं.

मध्येच स्पीकरची बॅटरी संपली. एकदम शांत झालं आणि मला ऊस ऐकू आला. वारा नव्हता. तरी आत काहीतरी सळसळतंय, पाचट मोडतंय, थांबतंय. सरीतून पाणी जातानाचा तो आवाज असेल. उंदीर असतील, रानमांजर असेल. बॅटरीचा झोत उसाच्या पहिल्या दोन ओळींवर जाऊन थांबतो. त्यापुढे काहीही असू शकतं. मला काही दिसलं नाही. डोळे चमकले नाहीत, वास आला नाही. चौघांपैकी कोणीतरी खाकरलं, मग दुसऱ्याने उगाच बैलांच्या भावाचा विषय काढला आणि सगळे जोरजोरात बोलू लागले. गाणं बंद पडल्याची ती भरपाई होती. अडीच तासांत मी पाय खाली सोडले नाहीत. घरी आल्यावर पोटऱ्या दुखत होत्या.

सकाळी चहा पिताना मित्राने एक बातमी सांगितली. घरामागचा वीस गुंठे ऊस या हंगामात तुटला की खोडवा ठेवायचा नाही, तिथे कांदा करायचा. "घरापासून शंभर-दीडशे फूट मोकळं पाहिजे. दिसलं पाहिजे." वीस गुंठे ही लहान गोष्ट नाही. उसाला केंद्राने ठरवलेला किमान दर आहे; 2025-26 च्या हंगामात तो 10.25 टक्के उताऱ्याला टनामागे 3550 रुपये होता, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. दर कमी वाटला तरी पाया आहे, कारखाना नेतो, बिल खात्यावर येतं. खोडवा तर लागवडीच्या खर्चाशिवाय मिळणारं पीक. कांद्याचं काय, चाकणच्या बाजारात एका आठवड्यात हसवतो, दुसऱ्यात रडवतो. शिवाय कांद्याला खुरपणी जास्त, म्हणजे वाकलेल्या बायाही जास्त, फक्त आता मोकळ्या रानात. तो हे सगळं मांडून बसला होता. निसर्गसंवर्धन हा शब्द त्याच्या तोंडी एकदाही आला नाही. पण जमिनीचा एक तुकडा कसा वापरायचा, आणि त्यासाठी किती पदरचं घालायचं, हा हिशोब मी आकुर्डीतल्या कोणत्याही सभागृहात इतका स्पष्ट ऐकला नव्हता.

अडचण पलीकडच्या बांधावर आहे. शेजाऱ्याचा ऊस याच्या न्हाणीघरापासून बारा फुटांवर. त्याला विनंती केली, तुझ्याही दोन सऱ्या सोड. तो म्हणाला, माझ्या रानात मी काय लावायचं ते तू सांगणार? त्याचंही चूक म्हणता येत नाही. त्याची एकूण जमीन पावणेदोन एकर, डोक्यावर सोसायटीचं कर्ज. ज्याच्याकडे तीन एकर आणि जुन्या नोकरीची पुंजी आहे त्याला वीस गुंठे सोडणं परवडतं. नकाशावर हा सगळा एकच हिरवा. घर आणि ऊस यांत किती अंतर हवं, सोडलेल्या पट्ट्याची भरपाई कोणी द्यायची, याचा रकाना सातबारावर नाही. पिंजऱ्यांना, जाळ्यांना, सायरनवाल्या कॅमेऱ्यांना पैसा मिळतो. तो मिळायलाच हवा. बांधालगतच्या दोन सऱ्यांना कोणी पैसे दिल्याचं मला त्या गावात कोणी सांगितलं नाही. मला विचाराल तर सुरुवात तिथून करावी, आणि दिवसाच्या विजेपासून.

रस्त्याकडेला ऊसतोडीची टोळी उतरली होती, बीडकडची. पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या, ओळीने सात. दार नाही, जाळी नाही. पहाटे चारला कोयते घेऊन जोड्या फडात जातात तेव्हा लहान पोरं कोपीत मोठ्या बहिणीच्या भरवशावर. ज्या उसात बिबट्या राहतो तो तोडायचा यांनी, आणि तुटत जाणाऱ्या उसातून जे बाहेर पडतं त्याच्या सगळ्यात जवळ झोपायचंही यांनी. एक बाई चुलीवर भाकरी थापत होती. मी विचारलं, भीती वाटत नाही? "मुकादमाची वाटती," ती म्हणाली आणि हसली.

गेल्या महिन्यात याच टोळीला उसाच्या मधोमध तीन पिलं सापडली होती. मांजराएवढी, डोळे नुकते उघडलेले. तोड थांबली. वनखात्याची माणसं आली, पिलांची तपासणी झाली, संध्याकाळी पिलं खोक्यात घालून सापडली त्याच जागी ठेवली, कॅमेरा लावला आणि सगळ्यांना लांब नेलं. या भागात तोडणीच्या हंगामात हे आता नेहमीचं झालंय. पिलं उचलून नेली तर मादी चवताळून गावभर हिंडते, हे अनुभवाने सगळ्यांना पटलंय. रात्री मादी आली, एकेक करून तिन्ही नेली. टोळीचा दीड दिवस बुडाला. "त्याचे पैसे कोणी दिले?" असं मी विचारल्यावर माझा मित्र आणि मुकादम दोघेही दुसरीकडे बघू लागले.

रविवारी दुपारी आम्ही माणिकडोहकडे निघालो. नारायणगावला मिसळ खाल्ली, जुन्नरला शिवनेरी डाव्या हाताला ठेवून पुढे गेलो. बिबट निवारा केंद्र पर्यटकांसाठी नाही. फाटकावरच्या माणसाने नम्रपणे परत फिरवलं. बरोबरच होतं. वनखात्याचं हे केंद्र, 2007 पासून वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था ते चालवायला मदत करते. विहिरीत पडलेले, गाडीखाली सापडलेले, माणसांवर हल्ला केल्याच्या संशयावरून पकडलेले, सगळे इथे येतात. पुन्हा सोडता येत नाहीत ते इथेच म्हातारे होतात.

पकडलेल्यांना लांबच्या जंगलात नेऊन सोडावं हा उपाय जुन्नरने करून बघितलाय, आणि तो कसा अंगावर आला हे जगभरच्या अभ्यासकांनी जुन्नरकडूनच शिकून घेतलंय. 2001 ते 2003 या काळात बिबटे पकडून संरक्षित जंगलांच्या आसपास सोडण्याची मोहीम झाली. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर आकडे मांडले: आधी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले व्हायचे, मोहिमेच्या काळात ते 17 वर गेले. ओळखीच्या मुलखातून उचललेलं, पिंजऱ्यात माणसांनी वेढलेलं जनावर अनोळखी जागी सोडलं की ते तिथे गुमान बसत नाही. त्यांच्याच अभ्यासातला 'आजोबा' आठवा. 2009 मध्ये तो नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत सापडला; गळ्यात कॉलर घालून माळशेजला सोडला; तिथून रेल्वेमार्ग, महामार्ग, वसईची खाडी ओलांडत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाशी पोहोचला. वाटेत त्याने कोणा माणसाला धक्का लावला नाही. पुढे 2011 मध्ये महामार्गावर गाडीखाली गेला.

अत्रेयांनी शेजारच्या अकोले तालुक्यातल्या शेतीच्या खोऱ्यात, जिथे उसाशिवाय म्हणावं असं जंगल नाही, तिथे शंभर चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच बिबटे मोजले. त्यांच्या आहारात 87 टक्के पाळीव जनावरं, आणि त्यांत सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा. हे वाचून शहरातल्या माणसाला सुटल्यासारखं वाटतं: बघा, बहुतेक वेळा काही होत नाही. मीही आकुर्डीत बिबट्यांवरच्या सभांमधून हेच सांगायचो. पडद्यावर शेवटच्या स्लाइडला 'सहजीवन' असं लिहिलेलं असायचं. फाटकापाशी उभं राहून मी मित्राला विचारलं, तुम्ही याला काय म्हणता? त्याने थोडा विचार केला. "सांभाळून राहणं." मग म्हणाला, "पण त्यानं पण सांभाळलं पाहिजे ना. आणि त्याला कोण सांगणार?"

जुन्नर वनविभागातली 233 गावं बिबट्याच्या दृष्टीने आपत्तीप्रवण म्हणून जाहीर झाली आहेत. माद्यांच्या नसबंदीच्या प्रयोगाला केंद्राने परवानगी दिली आहे. त्याचा गुण यायचा तर काही वर्षं जातील, तोवर आज उसात असलेली पिलं मोठी झालेली असतील. मित्राला नसबंदी मान्य आहे, वहिनींना सगळे पकडून न्यायला हवेत, त्यांच्या कॉलेजातल्या मुलाला एकालाही हात लावू नये असं वाटतं. एकाच घरात, एकाच ताटाभोवती. मी कोणाच्या बाजूने बोललो नाही. माझ्या न्हाणीघरापासून बारा फुटांवर बाराव्या मजल्याची गॅलरी आहे.

त्यांना मळ्यावर सोडून साडेचारला निघालो. वहिनींनी कांद्याची पात, पावटे आणि वाड्यावर न्यायला असं म्हणत गुळाची ढेप दिली. वाडा कुठला, टू बीएचके आहे, असं मी दरवेळी सांगतो, त्या दरवेळी वाडाच म्हणतात. आईंनी बॅटरी परत द्यायला काढली, ती मी घेतली नाही. खेडचा घाट उतरलो तेव्हा दिवस मावळला होता. चाकणच्या अलीकडे गाड्या थांबल्या. पुढे लाल दिव्यांची रांग, मागे पांढऱ्या. दोन्ही बाजूंना कारखान्यांचे फ्लडलाइट, आणि त्यांच्यामध्ये जिथे प्लॉट अजून विकले गेले नाहीत तिथे चौकोनी काळोख.

फोन वाजला.

"पोचलास का?"

"चाकणला अडकलोय. अंधार झाला."

"चाकणला ना? मग काय काळजी नाही," तो म्हणाला. "तिथं उजेड आहे."